दत्तारामचा कौल

आमचा लाटंबार्से गावचा दत्ताराम आजही कडक उंडो पाव दाताने तोडून खातो, हे काही त्याला सहज मिळालेलं नाही. खाणीवर ट्रक चालवताना लागलेली विडी त्याने म्हातारपणीही सोडली नव्हती. डिचोलीच्या दवाखान्यात जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून दोन दात घातले, पण वर्षभरात त्यांच्याभोवतीची हिरडी सुजून पू येऊ लागला.

डॉक्टरीण म्हणाली, "काका, धुरामुळे हिरडीला रक्त कमी पोचतं, ती भरून येत नाही. आतलं हाड झिजलं की दात निघणार. विडी सोडा."

"बाय, देवाक विचारून सांगतंय."

मी त्याच्याबरोबर देवळात गेलो. पुजाऱ्याने कौल घ्यायला मूर्तीच्या उजव्या-डाव्या बाजूला फुलाच्या दोन पाकळ्या लावल्या. दत्ताराम हात जोडून म्हणाला, "देवा, विडी ओढू काय? होय तर उजवी पाड."

थोड्या वेळाने उजवीच पडली.

"सुटलास रे," मी म्हटलं.

बाहेर आल्यावर त्याने विड्यांचं बंडल चहावाल्याच्या चुलीत घातलं.

"अरे, देवाने होय म्हटलं ना?"

"देव माझे लाड करता," दत्ताराम म्हणाला. "पण हिरडी बघली ती त्या बायन."