सर वावरात काहून येत होते

भाभी, सरपंचताई, गावातल्या बायामाणसांनो, आणि पुढे सतरंजीवर बसलेल्या माझ्या लेकरांनो,

तुम्ही एवढे जण आलात. शाळेचा व्हरांडा पुरला नाही, माणसं पार हातपंपापर्यंत उभी आहेत. पालकसभेसाठी मी घरोघर फिरले तरी एवढी गर्दी कधी झाली नव्हती. अशा वेळी शब्द सुचत नाहीत असं म्हणायची पद्धत आहे. मला सुचताहेत. तोंडाला आवर कसा घालू, तेवढंच सुचत नाही.

माझ्यामागे फ्लेक्स लावलाय. ‘आदर्श शिक्षक रज्जाक सर यांना भावपूर्ण श्रद्धांजली.’ आदर्श? ज्या माणसाला याच गावानं साहेबांपुढे लेकरांना मजुरीला नेणारा ठरवलं, तो मेल्यावर आदर्श झाला. भाभी, नवरा गमावून तुम्ही दारव्ह्याहून इतक्या लांब आलात आणि तुम्हाला हे ऐकावं लागतंय. पण आज बोलले नाही तर उद्या मला या लेकरांपुढे उभं राहता येणार नाही.

बाहेरून आलेल्यांसाठी सांगते. या शाळेत शिक्षक दोनच. सर आणि मी. ज्यांना परवडलं त्यांनी आपली लेकरं पिवळ्या गाडीत बसवून मारेगावच्या कॉन्व्हेंटला धाडली. इथे उरली ती वावरात राबणाऱ्यांची. सर दरवर्षी पोरांना विचारायचे, शाळेत काय बदललं पाहिजे? कुणी झोका मागायचं, कुणी खिचडीत तिखट कमी करा म्हणायचं. सातवीतली दुर्गा म्हणाली, “सर, सुट्टी दिवाळीले कायले देता? वेचणीले द्या ना.”

हसू नका. खरं बोलली ती. दिवाळीची सुट्टी संपते आणि तेव्हाच कापूस खरा फुटतो. सरांनी ते वर कळवलं. वरून उत्तर आलं नाही. वरून येतं ते एकच, हजेरीचा फोटो पाठवा. रिकाम्या बाकांचा फोटो काढून कुठलं लेकरू शिकतं, मला कुणी सांगेल का?

मग ते बोंडअळीचं वर्ष आलं. निम्मी बोंडं किडली. मजूर लावणं परवडेना, म्हणून तुम्ही घरची लेकरं वेचणीला नेली. आणि तुम्हीच सरांकडे आलात. याच व्हरांड्यात आलात. “सर, पोट्ट्याइचं वर्ष वाया जाते. काहीतरी करा.” कोण कोण आलं होतं, मला ठाऊक आहे. खाली बघू नका.

सरांनी केलं. दुपारी शिदोरी सोडायच्या वेळी ते वावराच्या धुऱ्यावर यायचे. खांद्याला फळा, खिशात खडू. बाभळीखाली तुम्ही भाकरी खायचा आणि तुमची लेकरं गणितं करायची. मी इथे लहानांना घेऊन बसायचे. मी एकदा म्हटलं, सर, हे नियमात बसत नाही. तर म्हणाले, “मॅडम, लेकरू शाळेत येऊन नाही राह्यलं, तर शाळेनं जावं त्याच्याकडे. त्यात काय एवढं?”

एक दिवस शाळा तपासायला शिक्षण खात्याचे साहेब आले. मी प्रशिक्षणाला गेले होते, म्हणून लहान घरीच होते. वर्ग रिकामे, लेकरं वावरात, सर बाभळीखाली. साहेबांनी तुम्हाला विचारलं, ही लेकरं इथे कशी? तुमच्यातला एक जण म्हणाला, “आमाले काही माईत नाई साहेब. सरच घेऊन येतेत.” आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. सगळ्यांनी. एकटी दुर्गा बोलली, “सर नाई आणत, माय आणते.” तिच्या मायनं तिचा दंड असा दाबला की बोटं उमटली.

भीती मला कळते. केस होईल, पोलीस येतील. पण सरांना भीती नव्हती? त्यांना घरदार नव्हतं? मी त्यांना नंतर विचारलं, तुम्ही गप्प काहून राहिलात? म्हणाले, “मी खरं बोललो असतो तर मायबापाइले त्रास झाला असता. मले तर नोटीसच आली ना.”

नोटीस. मग निलंबन. सर दारव्ह्याला गेले, भावाच्या गॅरेजमध्ये बसू लागले. तिथे बसल्या बसल्याच गेले. डॉक्टर म्हणतात हृदय बंद पडलं. म्हणोत बापडे.

परवा मी पंचायत समितीत गेले. तिथे म्हणाले, मॅडम, माणूसच वारला, आता प्रकरण बंद. मी विचारलं, बंद म्हणजे निर्दोष? म्हणाले, नाही, बंद म्हणजे बंद. ऐकलंत? सर मातीत गेले आणि तुमचं खोटं तिथे शाबूत राहणार.

सोमवारी मी पुन्हा जाणार आहे. मला तुमचे हार नकोत, फ्लेक्स नको. तिथे येऊन सांगा, लेकरं आम्ही नेली, सर त्यांना शिकवायला येत होते. एवढंच. कुणाला काहीच होणार नाही असा खोटा भरवसा मी देणार नाही. होईलही. सरांनी तुमच्यासाठी सोसलं, आता थोडं तुम्ही सोसा.

आता आपण सरांसाठी उभे राहू आणि गप्प राहू. गप्प राहायची तुम्हाला सवय आहे. पण मी ‘झालं’ म्हटल्यावर, ज्याला सोमवारी यायचं नाही त्यानं खाली बसावं. यायचं असेल त्यानं उभंच राहावं. भाभी इथे समोर आहेत, त्यांना दिसेल.

दुर्गा, मी अजून उठायला सांगितलं नाही, बाई. असू दे. राहा उभी.

रज्जाक सर, तुम्हाला सलाम.

उठा सगळे.