रामेश्वरजींचा पाय

आमचे आजोबा खानदेशातून इंदुरात आले ते मिलच्या नोकरीसाठी, आणि वडील मिल सोडून ट्रकांच्या कामाला लागले ते त्यांना सुतापेक्षा लोखंड आवडायचं म्हणून, एवढीच आमची कहाणी ताई, बाकी मी इथेच मल्हारगंजात जन्मलो, इथेच शाळा सोडली आणि इथेच वडिलांच्या हाताखाली पाना पकडायला शिकलो. मराठी आमची अशीच, अर्धी हिंदी, पुण्याचे पाहुणे हसतात, हसू द्या. दुकानावर मला सगळे दादा मिस्त्री बोलतात.

वडील बोलायचे कमी, पण एक गोष्ट रोज बोलायचे, की इंजन उघडलं की त्याची जेवढी तोंडं उघडी असतील तेवढ्यांत कपडा कोंबायचा, एक नट जरी आत पडला तरी सगळं गेलं, आणि कपड्याचं शेपूट बाहेर लोंबतं ठेवायचं, म्हणजे माणूस तो काढायला विसरत नाही. कपडा पण सुती पाहिजे. म्हणून आमच्या घरच्या जुन्या साड्या सगळ्या दुकानावर, माझी बायको तर नवीन साडी घेतानाच बोलते की ही पण एक दिवस तुमच्या ट्रकच्याच तोंडात जाणार.

आता ज्याच्यासाठी तुम्हाला बसवून ठेवलंय ते सांगतो. रामेश्वरजी म्हणून आहेत, बडा गणपतीजवळ राहतात, माझ्यापेक्षा मोठे, स्वतःचा ट्रक स्वतःच चालवायचे, जवानीपासून तीच एक गाडी. मुलगा दिनेश किती दिवसांचा मागे लागलेला, पापा बेच दो, आराम करो, पण ते ऐकायचे नाहीत. यंदा तिचं इंजन गेलं तर मला बोलले, भिया, दूसरा इंजन डाल दो, मेरे रहते गाड़ी कबाड़ में नी जाएगी. मी एका ठोकलेल्या ट्रकचं चांगलं इंजन शोधून आणलं आणि बसवलं.

बसवलं त्या दिवशी काकीजी, म्हणजे रामेश्वरजींच्या घरच्या, पूजेची थाळी घेऊन आल्या. आमच्याकडे तसंच आहे, नवीन इंजन म्हणजे गाडीला नवीन जीव, नारळ फुटल्याशिवाय स्टार्ट करत नाहीत, आणि मुहूर्त काढून आणलेला. इंजनाच्या आणि पाइपांच्या तोंडांतून तेलाने काळ्या पडलेल्या चिंध्या लोंबत होत्या, तर काकीजी बोलल्या, भैया, शुभ काम में ये चिंदियाँ अच्छी नी लगती. मी शेपटं आत ढकलून दिली, मनात बोललो पूजा झाली की काढतो. मग कुंकू लागलं, हार चढला, नारळ फुटला, मुहूर्त निघून चाललाय करून सगळे मागे लागले, आणि मी घाईघाईत दिसले ते कपडे ओढले, पाइप जोडले, सेल्फ मारला, आणि एका झटक्यात गाडी स्टार्ट. काकीजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

थोड्या दिवसांनी रामेश्वरजी परत आले. बोलले, भिया, मानपुर के घाट पे दम छोड़ देती है, काला धुआँ फेंकती है, साँस नी ले रई. आणि दुकानावर पाहावं तर गाडी एकदम शांत. डिझेलचा पंप तपासला, नोझल काढून साफ केले, टायमिंग परत लावलं, एअर फिल्टर नवीन टाकला, रिकामी गाडी बायपासवर फिरवून आणली, काही नाही. ते माल भरून गेले, घाटावरून परत आले, तेच. मी परत सगळं केलं, ते गेले, परत तेच. फिल्टरच्या पुढे एक जाड रबरी पाइप असतो, हवा इंजनात नेणारा, तो मात्र मी उघडला नाही, कारण तो मी स्वतः जोडला होता, आणि आपल्या हातच्या कामावर माणूस बोट ठेवत नाही, दुसऱ्यावर ठेवतो.

मी ठेवलं. दिनेश बरोबर आलेला, त्याच्यासमोर बोललो, इंजन में कुछ नी है, रामेश्वरजी का पैर अब पहले जैसा नी रहा, चढ़ाई पे गियर लेट डालते हैं. हसत हसत बोललो. खरं सांगू, ते खरं आहे की खोटं ह्याचा मी विचारच केला नव्हता, मला फक्त ती गाडी दुकानासमोरून जायला पाहिजे होती. रामेश्वरजींनी चपलेतल्या आपल्या पायाकडे पाहिलं आणि जाऊन बाजूच्या सीटवर बसले. दिनेशला तर तेच पाहिजे होतं. गाडी घरी नेली त्याने आणि चाबी काही त्यांना परत दिली नाही.

मग दिनेशच चालवायला लागला, आणि काय सांगू ताई तुम्हाला, एक दिवस तो एकटाच आला, बोलला दादा, मेरे से भी नी चढ़ रई. त्याचा पाय तर जवान आहे ना. मी सरळ तो रबरी पाइप काढला, आणि आत वळणावर बायकोची साडी, हिरवी, किनारीसकट. गाडी उभी असली की ती ढिली पडून राहायची, हवेला जागा द्यायची, आणि माल घेऊन घाट चढताना इंजनाने जोराने हवा ओढली की तीच वळणात जाऊन घट्ट बसायची. साँस नी ले रई, हेच तर ते बिचारे बोलत होते.

चिंधी खिशात टाकायचं मनात आलं, आलं, खोटं कशाला बोलू. पण दिनेशने पाहिली. तो चार शिव्या देता तर बरं झालं असतं. तो बोलला, चलो, निकल गई ना, बस. आणि मग हळूच, पापा को मत बताना दादा, बड़ी मुश्किल से घर बैठे हैं, मम्मी भी अब चैन से सोती है. मी मान हलवली, आणि काही दिवस त्याच्याच आड लपून राहिलो, की घरचा मुलगाच नको बोलतोय तर मी कोण सांगणारा. पण घास उतरेना. बायकोने विचारलं, तिला सांगितलं, ती बोलली, साडी माझी होती, पण जीभ तर तुमची होती ना, जा आणि सांगून या.

गेलो. रामेश्वरजी ओट्यावर बसलेले. सगळं सांगितलं, फक्त शेपटं कोणाच्या बोलण्यावरून आत ढकलली ते नाही सांगितलं, काकीजी चहा घेऊन तिथेच उभ्या होत्या. रामेश्वरजींचे पाय धरायला वाकलो तर त्यांनी ते मागे ओढून घेतले. एवढंच विचारलं, अब चढ़ रई है? मी बोललो हो, एकदम. बोलले, बस फिर.

मी बोललो असं नाही चालणार, गाडी समोर उभी आहे, आत्ता चला, घाटापर्यंत तुम्ही चालवा, मी बाजूला बसतो. दिनेश आवाज ऐकून बाहेर आलेला, त्याचं तोंड उतरलं, तरी त्याच्याकडून चाबी घेऊन मी त्यांच्या हातात दिली. ते वर चढले, बसले, क्लचवर पाय ठेवला आणि तसेच बसून राहिले. मग खाली उतरले. बोलले, भिया, गलती तेरी थी, मान लिया, लेकिन तेरे बोलने के बाद से मैं रोज़ पैर ही देखता रहा, अब इसपे भरोसा नी होता. आणि चाबी दिनेशला दिली.

आता गाडी छान चालते. दिनेश तेल बदलायला आणतो तेव्हा ते बरोबर येतात, बाजूच्या सीटवर बसून, आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून खुश रहो बोलतात, मनापासून बोलतात हो, टोमणा नाही मारत. मी मान खाली घालून घेतो तो आशीर्वाद, काय करू, नको पण बोलता येत नाही.