हाताने दाबायचा क्लच

मला गाडीतलं किती कळतं ते तुम्हाला ठाऊकच आहे, तरी एकदा मी जीप बनवून घेतली होती. नव्वदच्या आसपासची गोष्ट. माझे वडील, अप्पा, खारबाव स्टेशनावरून जीपने सवाऱ्या न्यायचे. लकव्याने त्यांचा डावा, क्लच दाबायचा पाय गेला आणि जीप दारात गंजत पडली. मी टेमघरच्या उस्मानचाचांच्या गॅरेजात गेले. म्हटलं, "क्लच हाताने दाबता येईल असं काहीतरी करा." चाचांनी इंजिन खोललं, क्लचला दांडा बसवला. रंग मात्र मी निवडला. घरचे अजून हसतात.

अप्पांना आणलं. दोघा कामगारांनी उचलून त्यांना सीटवर बसवलं. अप्पांनी गॅरेजच्या आवारातच तीन फेऱ्या मारल्या. मी तर रडायलाच लागले.

जेवायची वेळ झाली. "अप्पा, उतरा आता."

"भूक न्हाय."

तासाभराने पुन्हा गेले. "बसू दे गं जरा."

मी ऐटीत चाचांना म्हटलं, "बघा, गाडी सोडवत नाहीये त्यांना!"

चाचा हळूच म्हणाले, "बेटी, वो उतर नहीं सकते. चढताना खुशीत होते. रोज कुणीतरी उचलायला लागणार, हे आता कळलंय त्यांना."

मग चाचांनी कामगारांना चहाला पिटाळलं आणि मला पाणी आणायला. मी पाणी घेऊन परत आले तेव्हा अप्पा खाली स्टुलावर बसले होते.

"चांगली केलीस गं," ते म्हणाले. "आता तो दांडा काढ, आन् जीप कुणा चालवणाऱ्याला दे."