शकुनताईच्या फोटोमागचा नंबर

मंडळी, तुम्ही सगळे आले, बरं झालं. आज माझ्या मोठ्या बहिणीची, शकुनताईची तेरवी. मले बोलणं जड जाऊन राहिलं. पण रडायले मी आज उभी नाही झाली.

भाऊजी, उठू नका. बसा. समाजानं तुमाले पुढची खुर्ची दिली, ताईच्या फोटोले हार घालायचा मानही तुमालेच दिला.

पाहुण्यांसाठी सांगते. हे माझ्या बहिणीचे नवरे. सडक अर्जुनीले हायवेवर यांचा ढाबा आहे. ताईले आणि यांच्याच पोरीले, पिंकीले, यांनी इथं सालेकसा गावात माहेरी आणून सोडलं, ते पुन्हा न्यायले आलेच नाही. ताई खावटीसाठी कोर्टात गेली. तिथं हे म्हणाले, मी दर महिन्याले पैसे हातात देतो. हातात! कोणाच्या हातात, भाऊजी?

ताईच्या मोबाईलमध्ये सगळं होतं. ती लिहे, "पोरीची फी भरायची आहे." हे लिहीत, "या महिन्यात जमत नाही." ती लिहे, "पिंकीले ताप आहे, औषधापुरते तरी पाठवा." हे लिहीत, "तुझ्या भावाले माग." आमाले भाऊ नाही. हे यांले चांगलं माहीत आहे.

वकिलानं ते मेसेज कोर्टात दिले. तर हे शपथेवर म्हणाले, "तो नंबर माझा नाही." सिम ढाब्यावरच्या नोकराच्या नावावर! वकील म्हणाले, नंबर यांचाच आहे असं सांगणारं कोणीतरी आणा, बाकीचं मी पाहतो. ताई तुमच्या दारोदार फिरली, मंडळी. तुमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये तो नंबर आहे. तुम्ही काय म्हटलं? "घरातली गोष्ट आहे, आमाले काऊन ओढून राहिली?" मग तिले कावीळ झाली आणि निकालाच्या आधीच ती गेली.

ती गेली त्याच दिवशी समाजाच्या ग्रुपवर फोटो आला. भावपूर्ण श्रद्धांजली. फोटो यांच्या लग्नातला. स्वतःले कापलं, पण ताईच्या खांद्यावरचा हात तसाच राहिला. खाली शोकाकुल म्हणून यांचं नाव, सोबत ढाब्याचंही. आणि आला कोणत्या नंबरवरून? त्याच. तुम्ही सगळ्यांनी त्याखाली हात जोडले.

काऊन भाऊजी, हाही नोकरानंच पाठवला का? त्याले लय दुःख झालं असन.

पिंकीच्या खावटीचा दावा अजून चालू आहे. माझी पोर आहे ती आता.

आपण उभं राहून मौन पाळू. सगळ्यांनी आपापले फोन बंद करा. भाऊजी, तुम्ही करू नका. हात जोडूनच ठेवा, खिशाकडे नेऊ नका. मौन सुरू झालं की मी तो नंबर लावते. नोकर तर तिकडं ढाब्यावर आहे. कोणाच्या खिशात वाजते ते नीट ऐका, आणि या वेळेस कोर्टात येऊन सांगा.

उठा, मंडळी. ताई, तू पण ऐक.