सहीची जागा

बनशंकरीच्या एका दवाखान्यात माझ्या शेजारी सासू-सून फॉर्म घेऊन बसल्या होत्या; सून सासूला कन्नड पद्धतीनं ‘अत्ते’ म्हणत होती.

“रूपश्री, इथं वेणूची सही नको?”

“नको, अत्ते. गर्भपाताला बाईचीच पुरते.”

“नवऱ्याची रेघसुद्धा नाही?”

“नाही. वेणूला सांगितलंय मी. नवी नोकरी आहे, आत्ता मूल नको.”

“वेणू पोटात होता तेव्हा माझा शिक्षिकेच्या ट्रेनिंगला नंबर लागला होता. घरच्यांनी बसून माझं नाव काढून घेतलं. मला विचारायचं तेवढं राहिलं.”

“म्हणजे वेणू तुम्हाला नको होता?”

“हवाच होता गं! विचारलं असतं तरी हवाच म्हणाले असते.”

“मग?”

“मग काय? विचारलं नाही ना.”

“...अत्ते, हे पेन उमटत नाहीये.”

“स्वल्प थांब. तुझं ठरलंय ना नक्की?”

“ठरलंय.”

“मग हे घे. माझं उमटतं.”