एका चाकाची हवा

वैजयंती : अण्णा, परत विचारते. माझं टायर कुठाय? माझ्या एकचाकीवर हे जे चढवलंय ते माझं नाही.

ज्ञानबा : सकाळच्या पारी दुकानात बोंब मारू नगंस. समोर ईरम्माच्या हॉटेलात गिऱ्हाईक बसलंय, समदी हिकडंच बघत्यात.

वैजयंती : बघू देत की! ज्ञानबा सायकलवाल्याची पोरगी बापाशी भांडतीय, चहाबरोबर फुकटचा तमाशा. टायर कुठाय?

ज्ञानबा : ठिवलंय.

वैजयंती : कुठं?

ज्ञानबा : ठिवलंय म्हन्लं की एकदा. जे बसवलंय ते तरी बघ. मालाच्या तीनचाकीचं हाय. शिमिटाची पोती घिऊन पळतंय ते. आतनं जुन्या ट्यूबचं अस्तर बी घातलंय. बाभळीचा काटा सोड, खिळा आत जायचा न्हाय.

वैजयंती : मी पोती वाहायला चाललेय का? डोंगर उतरायला चाललेय! एका चाकावर! आणि तेही आज, अण्णा. वर्षभर ज्याची वाट बघितली, त्या दिवशी तुम्हाला टायर बदलायचं सुचलं?

शाकीर : वैजू, चल ना. टेम्पो चालू ठेवलाय मी. पुण्याच्या एकचाकी पथकाची मंडळी तुळजापूरच्या डोंगरावर पोचली पण, दोनदा फोन आला. सलाम काका. काय झालं? दोघांची तोंडं अशी का?

वैजयंती : काय झालं? काल मी घरी गेल्यावर ह्यांनी गुपचूप टायर बदललं. दाबून बघ.

शाकीर : या अल्ला! काका, टायर हाय का दगूड? बोटसुद्धा जाईना की ह्याच्यात.

ज्ञानबा : जायाच न्हाय पायजे. गच्च हवा म्हंजी गच्च हवा. ह्या अंगठ्यानं आख्ख्या कुंभार वेशीच्या सायकली दाबल्यात. आजवर एक गिऱ्हाईक हवा कमी भरली म्हनून परत आलं न्हाय.

वैजयंती : त्यांना दोन चाकं असतात! पुढचं उडालं तर मागचं धरतं. मला दुसरं चाक कुठाय? मला ब्रेक, हँडल, स्प्रिंग सगळं ते एकच टायर. म्हणून रुंद घ्यायचं, हवा कमी ठेवायची. दगड आला की त्यानं दगड गिळला पाहिजे. तुमचं हे दगडावर आपटणार आणि मला फेकून देणार.

ज्ञानबा : आन् तुजं रुंद, मऊ, लोन्यासारखं टायर! मागल्या रविवारी काट्यानं त्याचं काय क्येलं?

वैजयंती : पंक्चर झालं. होतं कधीकधी.

ज्ञानबा : कधीकधी! गुडघ्यापातूर सोलून आलीस. मोजा रक्तानं चिकाटला व्हता. आन् आयला काय सांगिटलंस? मोरीत घसरले! त्यो मोजा कुनी धुतला म्हाईत हाय का? म्या. हितं, पंक्चरच्या घमेल्यात. तिला दिसू ने म्हनून.

वैजयंती : ...मला माहीत नव्हतं.

ज्ञानबा : तुला काय म्हाईत असतंय? लोकं इचारत्यात, ज्ञानबा, पोरगी शिकवून सर्कशीत घातलीस व्हय रं? हसून घितो. पर काळीज माजं हाय, त्ये फुडच्या हॉटेलवाल्यांचं न्हाय.

वैजयंती : सर्कशीचं नाव तुम्ही काढू नका. बुडालेल्या सर्कशीची एकचाकी भंगारातून कोणी आणली? तुम्ही! पोरीला खेळायला म्हणून. रुंद टायर बसावं म्हणून चाकाचा चिमटा कापून परत वेल्डिंग कोणी केलं? तुम्ही! आणि आता मला बसता यायला लागलं तर टायर लपवता? चोरासारखं?

शाकीर : वैजू, जरा सबुरीनं...

वैजयंती : तू मध्ये पडू नकोस! आज उतार पूर्ण केला तरच ते पथकात घेणार. ह्यांना तेच नकोय. मी पडावं, रडत यावं आणि इथं बसून ट्यूबा ठिगळाव्यात, एवढंच पाहिजे ह्यांना.

ज्ञानबा : तोंड सांबाळ! तू पडावीस म्हून म्या हे क्येलं? राच्चं जेवन सोडून टायर चढवत बसलो, त्ये तू पडावीस म्हून?

वैजयंती : मग विचारायचं होतं!

ज्ञानबा : इचारलं असतं तर ऐकनार व्हतीस?

वैजयंती : नाही! कारण तुम्ही चुकलाय! त्याच्यावर कधी बसलाय तरी का तुम्ही?

ज्ञानबा : मला बसून काय करायचंय?

वैजयंती : बसा. आत्ता. शाकीर, ह्यांना तिकडून धर.

शाकीर : काका, नक्को म्हणू नका. मी धरतो. ती ऐकणार नाही आज.

ज्ञानबा : माजं वय बगा की रं! धोतर सुटंल... आरं, आरं, हळू!

(दोघे त्याला दोन्ही बाजूंनी धरून सीटवर बसवतात. वैजयंती वाकून फरशीवर काहीतरी ठेवते.)

ज्ञानबा : काय ठिवलंस गं?

वैजयंती : नट. आता पायडल मारा. मी धरलंय.

ज्ञानबा : सोडू नगंस... लई उंच हाय गं हे... आन् पाय थांबना, चाक फिरलं की पायडल बी फिरतंय... आई गं! मेलो! धर, धर!

शाकीर : धरलंय, धरलंय! पाय खाली टेका काका.

ज्ञानबा : कसला हिसका बसला... पार मानंपातूर गेला. केवडा नट व्हता?

वैजयंती : हा बघा.

ज्ञानबा : करंगळीच्या नखाएवडा हाय की.

वैजयंती : हो.

ज्ञानबा : आन् डोंगरात दगडं केवडी असत्यात?

वैजयंती : नारळाएवढी. काही त्याहून मोठी.

ज्ञानबा : ...शाकीर, माळ्यावर चढ. पत्र्याच्या डब्यामागं हाय तिचं टायर. पोत्यात गुंडाळलंय.

शाकीर : चढतो काका.

ज्ञानबा : आन् काटा घुसला तर?

वैजयंती : घुसेल. हवा हळूहळू जाईल, चाक जड झालेलं मला कळेल. मागल्या रविवारी मला कळलं होतं, तरी मी उतरले नाही. माझी खोड. आज उतरेन, आणि चालत खाली येईन.

ज्ञानबा : पुन्याच्या लोकांम्होरं? चालत?

वैजयंती : चालत. पथकात नाही घेतलं तर नाही घेतलं. तुम्हाला मोजा धुवायला लागणार नाही.

शाकीर : हे घ्या काका. किती जपून गुंडाळलंय, लग्नातल्या शालूसारखं.

ज्ञानबा : गप बस. त्यो पाना दे. त्यो न्हवं, बारका.

वैजयंती : मी अजून चिडलेलीच आहे.

ज्ञानबा : ऱ्हा की. चिडून टेम्पोत बस जा. आमी चढवतो.

वैजयंती : नाही जात. तुमचा भरवसा नाही, आतनं परत अस्तर घालाल.

ज्ञानबा : घालत न्हाय गं माजे आई. बग, रिकामं हाय. ट्यूब नवी घातलीया, एक वरची पिशवीत टाकलीया. शाकीर, पंप मार. मार... मार अजून...

वैजयंती : बास.

ज्ञानबा : बास कुटं? निम्मी बी भरली न्हाय. ह्ये बग, अंगठा आत जातोय.

वैजयंती : अण्णा, बास म्हटलं ना!

शाकीर : काका, थांबू का मारू? टेम्पो घरघरतोय तिकडं.

ज्ञानबा : माजा अंगठा म्हन्तोय कमी हाय.

वैजयंती : मग?

ज्ञानबा : मग काय. हो म्होरं. तुजा लाव.