कोणाच्या हातचं

नाही, मला वाटलं होतं काकी स्वतः येईल. दारातूनच ओरडेल, "मृणाले, काय करून बसलीस हे," मग मी रडेन, मग ती पाणी मागेल आणि संपेल एकदाचं — असं सगळं मनाशी मांडून ठेवलं होतं मी. आणि आलीस तू. "आईंनी कढई मागितलीय," एवढं एक वाक्य बोललीस आणि उभी राहिलीस खांबासारखी. बस ना, निशावहिनी. कढई कुठे पळून जात नाही, ती बघ, ओट्याखाली पालथी घातलीय. काल आल्या आल्या घासली, तीनदा. बस गं. या घरात खुर्च्या किती आहेत माहितीये? सव्वीस. पप्पांनी गोदामं भाड्यानं दिली तेव्हा हा बंगला बांधला, आणि स्वतः दिवसभर तिकडेच असतात, ट्रकवाल्यांशी हिंदीत भांडत. सव्वीस खुर्च्या आणि मी. तू बसलीस तर एक तरी कामाला येईल.

हां, अशी. चहा ठेवू? नको? बरं. मान हलवतेस तरी. दुपारपर्यंत वेळ आहे ना अजून — दिशाच्या लग्नाचा मांडव आज, वडे तळायला बायका बाराला बसणार. माहितीये मला. म्हणूनच तर तुला पाठवलं काकीनं. कढई मांडवात न्यायला नव्हे, आपल्या घरी आणून ठेवायला. कळतं मला तेवढं आता. काल कळलं.

तुला खरं सांगू? मी परत आले तेव्हा मला वाटलं होतं, गाव माझी वाट बघत असेल. हसू नकोस. सातव्या वर्षी मला देहरादूनच्या बोर्डिंगला घातलं, तिथून दिल्ली, तिथून इंग्लंड — दोन वर्षं मी जेवणावरच शिकले, लोक काय खातात, का खातात, कोण रांधतं. आणि ठरवून आले की आपल्या आगरी बायकांच्या हातचं जे आहे ना, ते त्यांच्या नावानं मांडायचं. शेफ लोकांची नावं पाटीवर असतात, आणि आपल्या काकी-मावशी जन्मभर चुलीपुढे बसून "घरचं जेवण" एवढ्यावरच. का? म्हणून ब्लॉगचं नाव ठेवलं — 'कोणाच्या हातचं'. प्रत्येक पाककृतीखाली नाव, गाव. आणि आले तर काय — आपलं शेलार गाव बदललंय, शेतात गोदामं, पलीकडे लूमचा खडखडाट, आणि बायका म्हणतात, "आमचं काय लिवतेस, आम्ही मॅगी खातो." तूही बाहेरचीच तशी, अंबाडीहून सहा महिन्यांपूर्वी आलीस. फरक एवढाच की तुला वाजतगाजत आणलं. मला रिक्षावाल्यानं विचारलं, "मॅडम, किसके यहाँ जाना है?"

तर ब्लॉग. त्यावर एक पान आहे, 'आमचं धोरण'. आम्ही म्हणजे मी. 'आमची टीम आपल्या प्रश्नाला चोवीस तासांत उत्तर देईल' — टीम म्हणजे पण मीच, इथे, या टेबलाशी, गाऊनवर. चार नियम केले. नावाशिवाय पाककृती नाही. पद्धतीत बदल नाही. प्रत्येक प्रश्नाला उत्तर. आणि एकदा छापलेलं काढायचं नाही, चूक निघाली तर खाली टीप द्यायची. मला वाटायचं, आपण किती काटेकोर. आणि प्रश्न तरी कसले यायचे — जवळ्याऐवजी पनीर चालेल का? मूठभर म्हणजे किती ग्रॅम, आणि मूठ कोणाची? आखातातल्या दोह्याचा एक माणूस दर शुक्रवारी लिहायचा, "ताई, आज काय जेवलात?" बस, एवढंच. पाककृतीबद्दल काही नाही. त्याला मी काहीतरी मोठं मोठं लिहून पाठवायची, चिंबोरीचं कालवण, तांदळाची भाकरी... खरं म्हणजे दूध-पाव खाल्लेला असायचा. एकट्यासाठी कोण चिंबोरी फोडत बसतं?

हो, हो, पिठल्यावर येते. तू त्याचीच वाट बघतेयस, दिसतंय मला.

मला आठवतं ते एवढंच — मी सहा वर्षांची, हा बंगला नव्हता, जुनं कौलारू घर, आणि घर माणसांनी भरलेलं. ओटीवर, अंगणात, विहिरीपाशी, सगळीकडे माणसं. आणि शेजारून कमळाकाकी स्टीलच्या डब्यातून पिठलं-भात घेऊन आली. पांढरट पिठलं. फोडणी नाही, हळद नाही, नुसतं मीठ. मला मांडीवर घेऊन तिनं भरवलं. मी तीनदा मागून घेतलं, वहिनी. तीनदा! सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, काही डोक्यावरून हात फिरवत होत्या, आणि मला वाटलं, मी किती लाडकी आहे सगळ्यांची. देहरादूनला मेसमध्ये राजमा गिळताना, इंग्लंडला बर्फात, मला कशाची आठवण यायची? मासळीची नाही, वड्यांची नाही. त्या पिठल्याची. तसं भरलेलं घर मी पुन्हा पाहिलंच नाही ना.

म्हणून काकीकडे गेले. म्हटलं, ते लहानपणीचं पिठलं करून दे, मला ब्लॉगवर घालायचंय. "कंचं?" म्हणाली. मी वर्णन केलं. ती चुलीकडे तोंड करून कितीतरी वेळ नुसती राख सारत बसली. मग म्हणाली, "ते नको. मी तुला लसणीची फोडणी देऊन करते मस्त." मी हट्टाला पेटले — पद्धतीत बदल नाही, नियम दोन! शेवटी तोंडानं सांगितलं तिनं, पीठ एवढं, पाणी एवढं. करून मात्र दाखवलं नाही. "असं उगाच शिजवत न्हाईत ते." मला वाटलं लाजतेय. कॅमेऱ्याला लाजतात ना बायका. आणि जाताना मीच म्हटलं, काकी, ती तुझी मोठी कढई दे. काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलंय ना तिच्या, 'कमळा केसरीनाथ', ते फोटोत छान दिसेल. एवढ्याशा पिठल्याला एवढी मोठी कढई! ओळीनं चाळीस लग्नांचे वडे तळलेत त्या कढईत, हे तिनं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. दिली तिनं. मला नाही म्हणता येत नाही तिला, कधीच नाही आलं.

आणि चाललं की गं ते! चाळीस हजार लोकांनी पाहिलं. "बिनतेलाचं, डाएटला उत्तम." एका बाईनं तर वास्तुशांतीला केलं, फोटो पाठवला, रांगोळी काढलेली ताटाभोवती. मी खाली लिहिलं, 'वा! कमळाकाकींना नक्की सांगते.' कोणी विचारलं, हळद का नाही? मी उत्तर दिलं, 'ही त्या घराची पद्धत आहे, कृपया बदलू नये.' दोन वर्षं शिकून आलेली मी! आणि एकानंच फक्त, 'अंबाडीकर' असं नाव, त्यानं लिहिलं, "ताई, हे असं मांडत नाहीत. कृपया काढा." तर मी काय लिहावं? 'आमच्या धोरणानुसार प्रसिद्ध केलेली पाककृती काढली जात नाही. आपला आक्षेप पुराव्यासह पाठवावा.' पुराव्यासह! मला त्या माणसाला गाठून...

खाली काय बघतेस?

वहिनी. अंबाडीकर — तू?

अगं मग इथून शंभर पावलांवर राहतेस, येऊन सांगायचं नाही? ... हां. कशी सांगणार. मी तुमच्या घरी चारदा आले, चारही वेळा फोन पुढे धरून. तुझ्याकडून वालाच्या बिरड्याचं माप लिहून नेलं. तू इथे रुळलीस का, जेवतेस का नीट, विचारलं कधी? नाही विचारलं. माप बरोबर लिहिलं मात्र.

काल तू नव्हतीस भांडी जमवताना. सांगते. मी मोठ्या ऐटीत ही कढई घेऊन गेले दिशाच्या अंगणात, म्हटलं उद्या व्हिडिओ काढू, दर लग्नात मानाचा पहिला वडा काकी तेलात सोडते तो क्षण, नवीन पाककृती. गावातली सगळ्यात थोरली काशीआजी उठली. म्हणाली, "ही कढई मांडवात न्हाय चढायची. हिच्यान कडू घास शिजलाय, सगल्या दुनियेनं बघितलाय." मी विचारलं, कडू घास म्हणजे काय आजी? भांडी मांडणाऱ्या बायकांचे हात थांबले गं. मग कोणीतरी मला बाजूला घेऊन सांगितलं, मयताच्या घरात चूल पेटवत नाहीत, शेजारची बाई पहिला घास करून आणते, फोडणीशिवाय, हळदीशिवाय. आणि काशीआजी काकीला म्हणाली, "कमले, तू बस जरा बाजूला. उंद्या पयला वडा दुसरी कोनी सोडंल." चाळीस लग्नं, वहिनी. बसली ती बाजूला. तिला सांगता आलं असतं की, नाही? की पोरीनं हट्ट केला, मी नको म्हटलं होतं. तर म्हणते, "पोरीला काय म्हाईत हाय? कढई मीच दिली." न जेवता घरी गेली.

आणि तरी बघ, मी किती मठ्ठ. मला काल वाटेवर, निम्म्या वाटेवर कळलं — की मग मी सहा वर्षांची असताना जे खाल्लं... ते घर का भरलं होतं. मला सांगितलेलं की आई ठाण्याला दवाखान्यात आहे. आई गेली हे पंधरा दिवसांनी सांगितलं, मामाकडे नेऊन. म्हणून मी दोन्ही कधी जोडलंच नाही. आणि काकीला एवढ्यासाठी बोलता आलं नाही. आईविना पोरीला तोंडावर कसं सांगायचं, की बाई, तुला जगात सगळ्यात जास्त आवडतं ते तुझ्या आईच्या मयताचं आहे? त्यापेक्षा तिनं कढई दिली.

तीनदा मागून घेतलं मी.

नाही, मी बरी आहे. पदर नको, ओढणी आहे माझी. बस.

आज उजाडताच ठरवलं. पाककृती काढली. चारही नियम काढले, 'आमची टीम' काढली. त्या जागी दोन ओळी लिहिल्या की हे पिठलं कमळाकाकींनी शिजवलेलं नाही, त्या नको म्हणत होत्या, शिजवलं मी, आणि ते काय असतं तेही लिहिलं. वास्तुशांतीवाल्या बाईंना वेगळं पत्र घातलं. दोह्याच्या माणसाला लिहिलं, काल काही जेवले नाही. पण काशीआजी ब्लॉग वाचत नाही ना. मांडवातल्या बायका वाचत नाहीत. जे अंगणात झालं ते अंगणातच फेडायला हवं. मी येणार आहे बाराला, फोन इथे ठेवून. सगळ्यांसमोर म्हणणार — आजी, घास मी शिजवला, न कळता शिजवला, आणि तो माझ्या आईचा होता. वीस वर्षं उशिरा शिजवला असं समजा. काकीचा हात त्याला लागलेला नाही. आता पहिला वडा कोणी सोडायचा ते तुम्ही ठरवा. मग हाकलतील तर हाकलू देत. नाहीतर वडे थापायला बसवतील. येत नाहीत मला, फक्त लिहिता येतात.

नको, हात नको लावू. राहू दे ती. जड आहे म्हणून नाही — ती मीच मागून आणली होती, मीच डोक्यावर घेऊन येते, गावातून, सगळ्यांना दिसेल अशी. आधी काकीच्या दारात, मग ती म्हणेल तिथे. काकीला सांग की मृणाली... नको. काही सांगू नकोस. तू जा आता. ऊठ, अकरा वाजत आले, मला केस धुवायचेत. जा ना गं.